पाकिटावरचा पत्ता

आमची आत्या टिळकवाडीतल्या एका दातांच्या दवाखान्यात गेली 19 वर्षं काउंटरवर बसते. तिच्यासमोर एक लांबट वही असते. डावीकडे वेळ, मधे नाव, उजवीकडे एका शब्दात तक्रार : दाढ, हिरडी, कवळी, तार. सगळं पेन्सिलीनं, कारण माणसं वेळ बदलून घेतात. खोडरबर वहीलाच दोऱ्यानं बांधलेलं. दवाखान्याला वेबसाइट आहे हे आत्याला माहीत होतं, पण तिच्या लेखी ती शेजारच्या घरातल्या टीव्हीसारखी. आवाज येतो, आपला संबंध नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत डॉक्टरबाईंनी आत्याला विचारलं, "तुमची भाची कॉम्प्युटरचं शिकते ना?" आत्यानं घरी येऊन मला विचारलं नाही, सांगितलं. "सोमवारपास्नं जायचं. चहा तिथंच मिळतो."

जुनी वेबसाइट पाहिली. सहा पानं, सगळी इंग्रजीत. ज्या मुलानं केली तो केव्हाच बेंगळुरूला गेला. फोन नंबर चित्रात छापलेला, म्हणजे मोबाइलवर त्याच्यावर बोट ठेवलं तर फोन लागत नाही, चित्रच मोठं होतं. दात दुखणाऱ्या माणसाला नंबर वाचून, पाठ करून, पुन्हा दाबायला लावायचं म्हणजे जरा क्रूरच. एक अपॉइंटमेंटचा फॉर्म होता, तो भरला की दवाखान्याला ई-मेल जायचा आणि आत्या तो सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा उघडून वहीत उतरवून घ्यायची.

डॉक्टरबाईंना नवी पानं हवी होती. रूट कॅनालचं, लहान मुलांच्या दातांचं, कवळीचं, आणि दाढ काढल्यानंतर काय करायचं त्याचं. मराठी, कन्नड आणि इंग्रजी, तिन्ही भाषांत. अट एकच. "साइट एक दिवससुद्धा बंद राहता कामा नये. आपण दात भरतो तेव्हा तोंड उघडं असतं, पण माणूस श्वास घेतच असतो ना? तसं कर."

मला वाटलं, त्यात काय एवढं. असं वाटणं हा आमच्या कोर्समधल्या पोरापोरींचा जुना आजार आहे.

पद्धत मला माहीत होती. चालू साइटला हात लावायचा नाही. तिची एक नक्कल वेगळ्या ठिकाणी उभी करायची, तिला पासवर्ड लावायचा, गूगलला ती दिसू नये अशी व्यवस्था करायची, आणि मोडतोड काय ती तिथं करायची. सगळं जमलं की मग खरी जागा बदलायची. नक्कल मी पहिल्याच दिवशी केली. दुसऱ्या दिवशी फॉर्म नीट चालतो का ते बघायला चार-पाच वेळा भरला. नाव अबक, तक्रार टेस्ट, वेळ साडेअकरा. नाव कखग, वेळ बारा. चालला. मी खूश.

बुधवारी सकाळी दवाखान्यात गेले तर आत्या वैतागलेली. "कोण गे हे अबक? साडेअकराची वेळ धरून ठेवलीया त्याच्यासाठी. शहापूरच्या एका बाईला नाही म्हणून सांगितलं मी."

झालं होतं ते असं. साइटची नक्कल केली की तिच्यातल्या सगळ्या गोष्टी सोबत येतात, फॉर्म कुठल्या पत्त्यावर पाठवायचा तोसुद्धा. मी नकलेत भरलेले फॉर्म खऱ्या आत्याला गेले आणि तिनं ते खऱ्या वहीत खऱ्या पेन्सिलीनं लिहिले. टेस्ट नावाची तक्रार तिला विचित्र वाटली, पण तिला वाटलं तोंडाची चव गेली असेल. शहापूरच्या बाईंना मी स्वतः फोन करून माफी मागितली. त्या म्हणाल्या, "असूं दे, मी लवंग धरून बसलेय." त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता त्यांना घेतलं. नकलेतला पत्ता मी माझ्या ई-मेलवर वळवला. हे कुठल्याही पुस्तकात पहिल्या पानावर असायला हवं. असेलही. मी ते पान वाचलं नव्हतं.

मग मजकुराचं काम सुरू झालं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त वेळ तिथं गेला. मी आपल्या वाङ्मय मंडळाची सभासद, म्हणून मराठी मजकूर मीच लिहायचा असं ठरलं. रूट कॅनालला मी मोठ्या उत्साहानं 'दंतमूलनलिका उपचार' असं लिहिलं. आत्यानं मोठ्यानं वाचलं, दोनदा अडखळली आणि म्हणाली, "हे ऐकून दाढ आपोआप पडेल बघ." पेशंट काय म्हणतात ते तिला विचारलं. "म्हणतात, दाढेतली नस मारायची हाय. नाहीतर सरळ रूट कॅनाल." मग आम्ही तसंच लिहिलं. किडलेली दाढ, सिमेंट भरणं, कॅप बसवणं, कवळी, तार. हे शब्द वहीच्या उजव्या रकान्यात 19 वर्षांचे पडून होते. मला फक्त उचलायचे होते.

कन्नड मला वाचता येतं, बोलता येतं, पण लिहायला लागले की हात थांबतो. वर्गातल्या मैत्रिणीनं ती पानं लिहिली. तिनंही पहिल्यांदा पाठ्यपुस्तकातलं कन्नड लिहिलं, मग डॉक्टरबाईंच्या नर्सनं ते खाली आणलं. 'हल्लु नोवु' एवढं म्हटलं की पुरतं, दातदुखी म्हणजे दातदुखी. तिन्ही भाषा तीन कोपऱ्यांत न ठेवता पानाच्या डोक्यावर शेजारी-शेजारी ठेवल्या. आमच्या गावात कुठली भाषा आधी हा प्रश्न किती लांब जाऊ शकतो ते इथं वाढलेल्याला सांगायला नको. डॉक्टरबाईंनी तो एका वाक्यात मिटवला : "ज्याचं दुखतं त्याला स्वतःची भाषा बरोबर सापडते."

मी एका ठिकाणी 'वेदनारहित' असं लिहिलं होतं. बाकीच्या सगळ्या वेबसाइटवर असतंच. त्यांनी ते खोडलं. "भूल दिल्यावर दुखत नाही हे लिही. पण सुई टोचते ती टोचतेच, तेही लिही. नाहीतर खुर्चीत बसल्यावर तो माझ्यावर विश्वास कसा ठेवेल?" हसऱ्या दातांचे आधीचे-नंतरचे फोटोही नकोत म्हणाल्या, पेशंटचं तोंड ही त्याची खासगी गोष्ट आहे. जुना फॉर्म जन्मतारीख, पूर्ण पत्ता, बाकीचे आजार असं काय काय विचारायचा. 2023 साली माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा संमत झाला त्याबद्दल आम्हाला वर्गात शिकवलं होतं, मी तो थोडा मिरवला. त्यांना कायद्याची गरज नव्हती. "नाव, फोन, काय होतंय. बाकी मी तोंड बघून विचारेन."

पत्त्याच्या ओळीत मात्र मी हट्ट केला. 1 नोव्हेंबर 2014 ला आमच्या शहराचं अधिकृत इंग्रजी नाव बेलगाम होतं ते बेळगावी झालं. पण फोनवर शोधणारे अजून दोन्ही टाइप करतात, काही तर एकाच वाक्यात. रेल्वे स्टेशनचा कोड अजून बीजीएमच आहे. आणि मराठीत बोलणाऱ्यांच्या तोंडी बेळगाव होतं ते बेळगावच. म्हणून पानावर तिन्ही नावं आली पाहिजेत, म्हणजे कुठल्याही नावानं हाक मारली तरी दार उघडेल. हे मी मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं. नाव बदललं तरी जुन्या नावानं येणाऱ्याची सोय हवी, हे माझेच शब्द. त्यानंतर पंधरा दिवसांत मी काय केलं ते आता सांगते.

बदलाचा दिवस रविवार ठरला, कारण दवाखाना बंद. जुन्या साइटची पूर्ण प्रत काढून दोन ठिकाणी ठेवली, काही बिघडलं तर परत जुनी लावता यावी म्हणून. दुपारी दोनला नवी पानं चढवली. फोन नंबरवर बोट ठेवलं, फोन लागला. फॉर्म भरला, यावेळी आत्याला सांगून. नकाशा उघडला. कन्नड अक्षरं स्वस्तातल्या फोनवर चौकोन होऊन दिसतात का ते बघितलं, नाही. तीन मिनिटंसुद्धा साइट बंद नव्हती. संध्याकाळी डॉक्टरबाईंनी माझ्यासाठी अर्धा किलो कुंदा पाठवला.

सोमवारी रात्री सव्वादहाला आत्याचा फोन वाजला. आम्ही सगळे जेवून टीव्हीसमोर होतो. पलीकडून चंदगडकडच्या एका गावातली बाई बोलत होती. तिच्या सासूबाईंची दाढ त्या दिवशी संध्याकाळी काढली होती. घरी गेल्यापासून रक्त थांबत नव्हतं. दवाखान्याचा फोन रात्री कोण उचलणार? त्यांच्या गावातला दूधवाला आमच्या गल्लीत दूध घालतो, त्याच्या घरी जाऊन त्यांनी आत्याचा नंबर मिळवला होता.

आत्यानं विचारलं, "पाकिटावरचं ते चौकोनी केलं न्हाई काय? त्यात सगळं लिवलंय की."

"केलं हो. चार वेळा केलं. इंग्लिशमधी कायतरी येतंय, पान न्हाई म्हणून."

मला पाकिट माहीत नव्हतं. दाढ काढली की डॉक्टरबाई गोळ्या आणि गॉजचे दोन जादा तुकडे एका छोट्या पाकिटात घालून देतात. त्या पाकिटावर क्यूआर छापलेला. तो जुन्या साइटवरच्या सूचनांच्या पानावर नेतो. त्या जुन्या इंग्रजी साइटवर हे एकच पान मराठीतलं होतं, स्कॅन केलेल्या कागदाचा फोटो म्हणून चिकटवलेलं. मी ते पाहिलं होतं. त्यावरचा मजकूर नव्या पानात घेतलाही होता, जास्त चांगला करून, तीन भाषांत. फक्त नव्या पानाला नवा, सुटसुटीत पत्ता दिला होता. जुना पत्ता मी पुसून टाकला, कारण साइटवरून कुठूनच त्याला लिंक नव्हती. मला वाटलं, कोण जातंय तिथं. पाकिटं जात होती. 2000 छापलेली, त्यातली निम्मी अजून कपाटात.

आत्यानं दुसऱ्या फोनवरून डॉक्टरबाईंना लावलं आणि दोन्ही फोन स्पीकरवर एकमेकांसमोर धरले. डॉक्टरबाईंनी विचारलं, आजी काय करतायत? आजी दर मिनिटाला थुंकत होत्या. तोंडात रक्तमिश्रित लाळ जमत होती, गिळायची किळस वाटत होती. शिवाय दोनदा कोमट मिठाच्या पाण्यानं खळखळून चूळ भरून झाली होती, कारण दातांना मीठ चांगलं हे कोणाला माहीत नसतं?

दाढ काढली की त्या खड्ड्यात रक्ताची गाठ बसते. ती म्हणजे जखमेवरचं झाकण. पहिले 24 तास जोरात थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉनं काही ओढून प्यायचं नाही, तंबाखू-बिडी नाही, कारण त्यातल्या कशानंही ते झाकण उचकटतं. मिठाचं पाणी दुसऱ्या दिवसापासून, आणि तेही हलक्या हातानं. रक्त येत राहिलं तर गॉजची घडी नेमकी त्या जागेवर ठेवून अर्धा तास घट्ट चावून बसायचं, मधे काढून बघायचं नाही. हे सगळं मी माझ्या हातानं टाइप केलं होतं. पाकिटात गॉजचे दोन तुकडे होतेच. त्यांचं काय करायचं ते पानावर होतं. रात्री कुठल्या मोबाइलवर फोन करायचा तेही त्याच पानावर होतं.

"पाकिटात पांढरं जाळीचं कापड आहे बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हात धुऊन त्याची घडी करा. आजींना झोपवू नका, बसवा. घड्याळ समोर ठेवा." मग त्यांनी गोळ्या कुठल्या चालू आहेत, रक्तदाब आहे का, रक्त पातळ करायची गोळी घेतात का हे पुन्हा विचारलं. फोन चालूच ठेवला. अर्धा तास कोणी फारसं बोललं नाही. मधे एकदा पलीकडे कुत्रं भुंकलं.

त्या अर्ध्या तासात मी लॅपटॉप उघडला. जुन्या पत्त्यावर कोणी आलं की त्याला आपोआप नव्या पत्त्यावर पाठवायची सोय असते. कायमचा बदल असेल तर त्याचा क्रमांक 301. घर बदललेल्या माणसानं जुन्या दारावर चिठ्ठी लावावी तसं. आणि चिठ्ठी नसेल तर येणाऱ्याला मिळतं ते 404. सर्व्हरवरच्या एका फाइलमध्ये एक ओळ लिहायची असते. मी ती लिहिली. दोन मिनिटं लागली. ही दोन मिनिटं रविवारी दुपारीही माझ्याकडे होती, मी तेव्हा कन्नड अक्षरांचे चौकोन होतात का ते बघत होते.

पावणेअकराच्या पुढेमागे पलीकडून आवाज आला, "थांबलंय वाटतं." डॉक्टरबाईंनी अजून दहा मिनिटं धरून ठेवायला लावलं. आजी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तपासून घ्यायला आल्या. ठीक होत्या. मी काउंटरमागे बसले होते. मला बघून म्हणाल्या, "तू कोण गे?" मी म्हटलं, "भाची." पुढचं सांगायचं धाडस झालं नाही.

पण गोष्ट तिथं संपली नव्हती. सर्व्हर एक नोंद ठेवतो, कोणी कुठलं पान मागितलं आणि त्याला काय मिळालं. मंगळवारी सकाळी मी ती उघडली. आम्ही वेबची पोरं ही नोंद सहसा कोणी बघितलं हे मोजायला उघडतो, कोण परत गेलं हे मोजायला नाही. रविवारी दुपारपासून सोमवारी रात्रीपर्यंत ते सूचनांचं पान नऊ वेळा मागितलं गेलं होतं. नऊही वेळा 404. त्यातल्या चार वेळा एकाच फोनवरून, म्हणजे आजींच्या घरून. उरल्या पाच. त्या तीन वेगवेगळ्या फोनवरून होत्या. नोंदीत नाव नसतं, गाव नसतं, दुखतंय का ते नसतं.

मी ते आकडे घेऊन आत्यासमोर उभी राहिले. तिनं आकडे बघितलेच नाहीत. वही उलटी चाळली, शनिवार आणि सोमवारच्या पानांवर उजव्या रकान्यात जिथं जिथं 'दाढ काढली' अशी पुढची खूण होती तिथं बोट ठेवत गेली. सहा नावं निघाली. आजी वगळून पाच. फोन करायला ती बसली, नंबर मी लावून दिले. "नमस्कार, दवाखान्यातनं बोलतोय. कसं हाय आता? पाकिटावरचं ते चाललं न्हाई काय? आमचीच चूक हाय ती." आमचीच चूक हे तिनं पाचही वेळा म्हटलं, आणि एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

चौघं ठीक होते. त्यातल्या दोघांनी पाकिट उघडलंही नव्हतं, गोळ्या तेवढ्या काढून घेतल्या होत्या. पाचवा, खानापूरकडचा एक माणूस, म्हणाला की आदल्या रात्रीपासून फार ठणकतंय, कानापर्यंत जातंय, पण दाढ काढल्यावर दुखणारच म्हणून गप्प आहे. शनिवारी काढलेली. दुपारी त्याला बोलावलं. खड्डा कोरडा पडला होता, गाठ निघून गेली होती, आत हाड उघडं. डॉक्टरबाईंनी धुऊन औषधाचं ड्रेसिंग भरलं. मी त्यांना नंतर विचारलं, हे माझ्यामुळे झालं का?

"सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "तो बिडी ओढतो. पान वाचूनही ओढली असती कदाचित. खालची शेवटची दाढ, तिथं असं होतंच बऱ्याचदा." हातमोजे काढत थोड्या थांबल्या. "किंवा वाचून दोन दिवस थांबलाही असता."

एवढंच. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वेब ज्यांनी बनवलं त्या टिम बर्नर्स-ली यांचा 1998 सालचा एक छोटा लेख आहे, वेबवरचे पत्ते का बदलू नयेत यावर. आम्हाला तो दुसऱ्या सेमिस्टरला वाचायला सांगितला होता. मी परीक्षेत त्यावर टीप लिहून चार मार्क मिळवले होते. आता परत वाचला. मग जुन्या साइटचे सगळे पत्ते एका कागदावर उतरवले, साइटवरचेच नाही तर जगातले. पाकिटं, भिंतीवरचा बोर्ड, डॉक्टरबाईंचं कार्ड, गूगलच्या नकाशावरची लिंक, शाळांतल्या तपासणी शिबिरात वाटलेली पत्रकं, खाली औषधाच्या दुकानात काचेला चिकटवलेला कागद. त्या कागदावरचा पत्ताही मोडलेला निघाला. हे शोधायला लॅपटॉपचा उपयोग नव्हता, पायी फिरावं लागलं. पान सापडलं नाही असं सांगणारं जे पान असतं, तेही मी बदललं. आता तिथं तिन्ही भाषांत दवाखान्याचा आणि रात्रीचा, दोन्ही नंबर मोठ्या अक्षरांत आहेत.

नवी पाकिटं छापून घेऊ असं मी सुचवलं, पैसे माझ्या मानधनातून कापा म्हटलं. डॉक्टरबाई नको म्हणाल्या, आधी आहेत ती संपू देत. आत्याला ते पटलं नाही. गावाकडं रेंज नसली तर तुझी ती ओळ काय करणार, असं तिनं मला विचारलं. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग आम्ही दोघींनी कपाटातली उरलेली हजारभर पाकिटं काउंटरवर काढली आणि प्रत्येकावर क्यूआरच्या खाली रात्रीचा मोबाइल नंबर बॉलपेननं लिहायला बसलो. तीन दुपार लागल्या. पेशंट आला की आत्या पेन ठेवून पेन्सिल घ्यायची. शेवटच्या दिवशी तिनं माझा गठ्ठा उलटा करून एकेक पाकिट तपासलं. दोन परत केली. एकावर सात एकसारखा दिसत होता, एकावर मी एक आकडा कमी लिहिला होता.